आत्माराम धोंडूचा राघू

"वाईच थांब."

मी थांबले. एक पाय झाडाच्या मुळावर, दुसरा चिखलात. पुढे मार्लेन चालत होती, ती थांबली नाही. धुकं इतकं दाट होतं की तिच्या पाठीवरची पिवळी पिशवीच काय ती दिसत होती, आणि ती पिशवी जणू आपली आपणच चढ चढत होती.

"काही म्हणालीस का?" मी ओरडून विचारलं.

"मी? मला श्वास पुरत नाही, बोलते कुठली!"

वरच्या फांद्यांतून पुन्हा आवाज आला. घोगरा, किंचित रागावलेला. अंगणातून पळत सुटलेल्या पोराला घरातला कर्ता माणूस दटावतो तसा. "वाईच थांब."

'वाईच' म्हणजे जरासं. हा शब्द पुस्तकात क्वचित भेटतो; संगमेश्वर-देवरुखकडच्या घरांत भेटतो. माझ्याही घरात होता. पुण्याला वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी "वाईच पाणी दे गो" म्हणाले, तेव्हा खोलीतल्या मुली पोट धरून हसल्या. त्यानंतर मी 'थोडंसं' म्हणायला शिकले आणि तो शब्द जिभेवरून गेला. आणि आता मॉरिशसच्या एका दरीत, डोंगराच्या कुशीत, धुक्यातून कुणीतरी मला तोच शब्द ऐकवत होतं.

मार्लेन परत मागे आली. या बेटावरच जन्मलेली क्रिओल बाई, पस्तिशीची, आमच्या पक्षी-केंद्रातली सगळ्यांत जुनी कामगार. तिनं वर बघितलं आणि हसली. "अच्छा, हा! मिस्टर टकले. आठवडाभर इथंच आहे. विचित्र ओरडतो ना?"

"ओरडत नाही, बोलतोय तो."

"पोपट आहे, ब्रिन्दा. पोपट बोलतात."

माझं नाव वृंदा शितप. मार्लेनच्या तोंडात ते कधी बसलं नाही.

धुक्याला जरा भोक पडलं तेव्हा तो दिसला. उंच, अगदी शेंड्याजवळ. हिरवा. मानेवरची पिसं गेलेली, तिथली कातडी करडी दिसत होती. शेपटी तुटकी, पिंजऱ्याच्या गजांवर घासून तुटते तशी. त्यानं मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं, आणि मग धुकं पुन्हा मिटलं.

त्या दरीत मला नेहमी वाटायचं की मी जागी आहे, पण पुरती नाही. तिथं गुलाबी कबुतरं होती. खरोखर गुलाबी, पहाटेच्या ढगासारखी. पाचूच्या रंगाची, पाठीवर लाल ठिपके असलेली पाल भर उन्हात फुलात तोंड घालून मध प्यायची. सोनेरी केसांची मोठाली वटवाघळं दुपारीच निघायची आणि डोक्यावरून शांतपणे वल्ही मारत जायची. हे प्राणी जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन, या दुर्मिळ पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या एका छोट्या केंद्रात मी मदतनीस म्हणून आले होते. पक्ष्यांची वजनं, अंड्यांची मापं, ढोलीतलं तापमान असलं नेमकं काम माझ्याकडे असायचं. पण दरी काही केल्या मापात येत नव्हती. रोज संध्याकाळी खोलीवर परतल्यावर वाटायचं, आपण पाहिलं ते खरंच होतं ना?

आणि या सगळ्यांत दुर्मिळ होता तो काटो व्हेर. बेटाचा स्वतःचा हिरवा पोपट. तेव्हा सगळ्या जगात ते शंभरही उरले नव्हते, आणि अंडी घालणाऱ्या माद्या तर बोटांवर मोजाव्यात इतक्याच. त्यातली एक या झाडाच्या ढोलीत होती. तिचा नर गेल्या चक्रीवादळात मेला होता. आता हा टकल्या तिच्याभोवती घुटमळत होता.

*

"बोलतो?" रोलाँनं विचारलं. "तू स्वतः ऐकलंस?"

रोलाँ आमचा प्रमुख. उंच, उन्हानं भाजलेला, कमी बोलणारा. सगळं आयुष्य त्यानं या पक्ष्यांत घालवलं होतं. केंद्राच्या पडवीत तो बुटाची नाडी सोडत बसला होता, तो तसाच थांबला.

"नीट ऐकलं," मी उत्साहानं म्हणाले. "आणि ते शब्द आहेत. माझ्या गावाकडचे. मराठी. तिकडच्याच एका भागात असं बोलतात. म्हणजे हा पक्षी नक्की कुठल्या तरी मराठी घरात होता."

मला वाटलं होतं तो खूश होईल. त्यानं नाडी पुन्हा बांधली.

"मग संपलंच," तो म्हणाला. "मला शंका होतीच. काटो व्हेर बोलत नाहीत. बोलतो तो तुमच्याकडचा पोपट. पिंजऱ्यातून इथं आणला, निसटला आणि रानात माजला. दिसायला जवळजवळ सारखा. ढोल्या बळकावतो, रोग आणतो. आणि तिच्याशी जोडी जमली तर काय अंडी निघतील देव जाणे. गास्ताँला बोलावतो. सोमवारी येईल."

गास्ताँ हा बंदूकवाला. एरवी हरणांच्या शिकारीला जायचा.

"मारायचं?" मी म्हणाले. "पकडता येईल की."

"जाळं लावून पाहिलं. ज्यानं पिंजरा पाहिलाय तो जाळं लांबून ओळखतो."

"रक्त तपासता येईल."

"पकडल्याशिवाय? आणि पकडलं तरी नमुना इंग्लंडला जाणार, उत्तराला महिने लागणार. ती या आठवड्यात अंडी घालेल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मला हौस नाही, वृंदा. पण तिच्यासारख्या किती उरल्यात ते तुला माहीत आहे. तो इथला आहे असं सोमवारपर्यंत कुणी दाखवून दिलं, तर मी स्वतः त्याला केळं भरवीन."

त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण तो शब्द ओळखून मीच त्या पक्ष्याला बाहेरचा ठरवलं होतं, आणि ते मला गिळता येईना.

मार्लेन चूल पेटवत होती. मागे न बघता ती म्हणाली, "बेल रोशच्या बसथांब्यावर डालपुरीवाली आहे ना, सुमती. ती तुमच्यातलीच. तिच्या घरी एक पोपट होता. मोठा शिवराळ."

*

बेल रोश हे दरीच्या तोंडाशी वसलेलं गाव. उसाची शेतं, पत्र्याची घरं, दारोदार लाल-पिवळी निशाणं. गणपती नुकतेच होऊन गेले होते. सुमतीचं दुकान म्हणजे सायकलच्या चाकांवर बसवलेली काचेची पेटी. आत कापडात गुंडाळलेल्या मऊ डालपुऱ्या. ती तिशी ओलांडलेली, ठेंगणी, बोटं पिठानं पांढरी झालेली.

मी मराठीत बोलले तशी तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "आयो! बोलतेस? खरी बोलतेस! टीव्हीवाल्यांसारखी न्हाय, आमच्यासारखी! कुटली गो तू?"

"देवरुखची."

"मंग संगमेसर?"

"जवळच. बसनं तासभरसुद्धा नाही."

"बसनं!" ती मार्लेनकडे वळून बेटावरच्या क्रिओल बोलीत म्हणाली, "ऐकलंस? आमचं गाव. तिथं बस जाते." आणि पुन्हा माझ्याकडे. "आमची माणसं तितनं बोटीत बसली. पणजीच्या टायमाला. बाबाला सगळं ठावं होतं. नदी, देऊळ, आंब्याचं झाड कुटं हाय. कवा गेला न्हाय, पन आंधळ्यावानी चालत गेला असता. जेवलीस काय? न्हाय? मंग उबी काय?"

तिनं पुरीवर घेवड्याचा रस्सा आणि टोमॅटोची चटणी घातली, गुंडाळी केली आणि माझ्या हातात कोंबली. पैसे घेईना. मार्लेननं मात्र दोन खाल्ल्या, तिचे पैसे सुमतीनं घेतले.

"हिचे का नाही?" मार्लेन तक्रारीच्या सुरात म्हणाली.

"ती गावाकडची. तू रोजची."

पुढे मी राघूचं विचारलं. तिनं काचेची पेटी बंद केली आणि आम्हाला घरी नेलं. दुकानामागेच होतं. पडवीत तारेचा मोठा पिंजरा टांगलेला, दार उघडं, आत नेच्याची कुंडी ठेवलेली. नेच्याची पानं गजांतून बाहेर आली होती.

"राघू बाबाचा. आत्माराम धोंडूचा राघू म्हटलास तर सगळा बेल रोश सांगेल. बॉम्बेच्या बोटीवरनं आणलान बाबानं. खलाशी इकत होता. बोटीचं नाव पन सांगायचा. त्याला म्हनायचा, तू गावचा, मी गावचा. कामावर जाताना रोज सांगायचा, वाईच थांब, आलोच. तेच तो शिकला. बाबा या जुलैच्या थंडीत गेला. मरताना मना सांगितलान, राघूला सोड, गावाला जाऊं दे त्याला, तिकडं तोंड करून सोड." तिनं उसाच्या शेतांपलीकडे, समुद्राच्या बाजूला हात केला. "सोडला मी. गेला."

"गेला म्हणजे..."

"गावाला गेला." जरा थांबून तिनं विचारलं, "तिकडं दिसला काय कोनाला?"

मार्लेननं माझ्याकडे बघितलं. तिला मराठी कळत नव्हती, पण माझा चेहरा कळत होता.

मी सांगितलं. तो दरीत आहे. धुक्यात बसून बोलतो. आणि सोमवारचंही सांगितलं. तो बाहेरून आलेला नाही, इथल्याच रानातला आहे असं कुणी सांगू शकलं, तरच त्याला सोडतील, हेही.

सुमतीच्या हातावरचं पीठ वाळलं होतं. ते ती नखानं खरवडू लागली.

"तो आमचा न्हाय," ती म्हणाली.

"तो 'वाईच थांब' म्हणतो, सुमतीताई. या बेटावर आणखी कोण म्हणणार?"

"म्हनत असंल कोनी. आमचा बोटीवरचा होता. गावाला गेला. मी सोताच्या डोळ्यांनी बगितला." ती उठली. "दुकान उगडं ऱ्हायलंय."

दुकान बंद करूनच आली होती ती. निघताना तिनं आणखी चार पुऱ्या कागदात बांधून दिल्या, आणि या वेळी मार्लेनचेही पैसे घेतले नाहीत.

*

रविवारी दिवसभर मी झाडाखाली बसून राहिले. सिद्ध करण्यासारखं काही दिसतंय का, एवढंच बघायचं होतं. टकल्या रानातली पानं कुरतडून खात होता. बाहेरचे पोपट बहुतेक बागांतली फळं खातात. मी रोलाँला सांगितलं. तो म्हणाला, "तिचं बघून शिकला असेल." खरंच असेल. उडताना त्याचे पंख मला जरा गोलसर वाटले. "तुटक्या शेपटीच्या पक्ष्याचे पंख कसेही वाटतात," रोलाँ म्हणाला. तेही खरं.

दुपारी ऊन आलं आणि दरीचा रंग पाण्याखाली गेल्यासारखा झाला. मादी ढोलीतून बाहेर येऊन फांदीवर बसली. टकल्या बाजूला सरकत सरकत तिच्याजवळ गेला. मान वाकवली, पुन्हा वाकवली, जुन्या वळणाचा माणूस करतो तसा. मग त्यानं आपल्या गळ्यातला घास तिच्या चोचीत दिला. तिनं घेतला. एक पांढरा समुद्रपक्षी, शेपटीची दोन लांब पिसं मागे सोडून, खालच्या पोकळीतून वर तरंगत आला आणि त्या दोघांच्या समोरून गेला. त्यांनी पाहिलंही नाही.

"नवरदेव म्हातारा आहे," मार्लेन म्हणाली, "पण घास भरवतो. माझ्या नवऱ्यानं एवढ्या वर्षांत चहासुद्धा नाही केला."

मला हसू आलं. मग सोमवारची आठवण आली.

"टकले हे आमच्याकडे खरंच आडनाव असतं," मी म्हणाले.

"मग हा तुमचा जावई," ती म्हणाली.

*

सोमवारी धुकं उठेचना. गास्ताँ सकाळीच आला होता. शांत, टोपी घातलेला, साठीचा माणूस. बंदूक मांडीवर आडवी ठेवून तो मुळावर बसला आणि थर्मासमधून कॉफी पिऊ लागला. रोलाँ पाठमोरा उभा होता. वर कुठेतरी तो होता. मधूनच बोलत होता. गास्ताँ दर वेळी मान वर करायचा.

"माणूस आहे का वर?" त्यानं एकदा विचारलं.

"पोपट," रोलाँ म्हणाला.

"काय म्हणतो?"

रोलाँनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. गास्ताँ म्हणाला, "थांबलोच आहे की मी."

तेवढ्यात खालून पाचोळ्याचा आवाज आला. पायवाटेनं कुणीतरी धापा टाकत येत होतं. आधी किरमिजी पदर दिसला, मग कॅनव्हासचे बूट, मग सुमती. नेसलेली साडी लग्नाला जाण्याजोगी होती. घोट्यापर्यंत चिखल.

"बोंझूर," ती सगळ्यांना मिळून म्हणाली आणि गास्ताँच्या बंदुकीकडे बघून, "हे खाली ठेव आधी." तो निमूट उठला आणि बंदूक झाडाला टेकवून ठेवली.

रोलाँशी ती क्रिओलमध्ये बोलली. मला अर्धं समजायचं, उरलेलं मार्लेन कानात सांगत होती. पण बापाचे शब्द आले की सुमती माझ्याकडे वळायची, कारण ते शब्द तिला दुसऱ्या भाषेत सांगता येत नव्हते.

"तो बोटीवरचा नाही," ती म्हणाली. "बोट खोटी."

रोलाँ तिच्याकडे पूर्ण वळला.

"बाबा लाकूडतोड्यांच्या टोळीत होता. वर, पठारावर. रान तोडून पाईन लावत होते तेव्हा. मी अकरा वर्षांची. जेवण घेऊन जायची. झाड पडायला आलं की बाबा लांबून ओरडायचा..." ती माझ्याकडे वळली. "वाईच थांब! म्हंजे खोड आंगावर येऊ नये म्हून. मी थांबायची. झाड पडायचं. मंग मी जायची."

गास्ताँनं टोपी काढली. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"एक झाड पडलं, खोड फुटलं. आत ढोल होती. तीन पिल्लं. दोन मेलेली. एक जिवंत, हिरवं, उघडं. बाबानं सदऱ्यात घातलं. तो कधी गावाला गेला नव्हता, खरा राघू त्यानं पाहिला नव्हता. फक्त आजीच्या तोंडून ऐकलेला. हिरवा असतो, लाल चोचीचा असतो. त्यानं पिल्लू बघितलं आणि म्हणाला..." पुन्हा मराठीत, "'आपला राघू! तू इकडं कुटं रं आलास?'"

"मग बोट कसली?" रोलाँनं विचारलं.

"मुकादम म्हणाला, हा रानातला पक्षी, घरात ठेवलास तर तुरुंगात जाशील. बाबा घाबरला. म्हणून बॉम्बेच्या बोटीवरून आणला म्हणायचा. पोलिसांसाठी बोट, शेजाऱ्यांसाठी बोट. मग म्हातारा झाला आणि त्याला स्वतःलाच ती बोट दिसायला लागली. मी ती कशाला पुसून टाकू?"

रोलाँनं हातानं चेहरा चोळला. तो बोलला तेव्हा आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "मादाम, तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण तुम्हाला त्याला वाचवायचंय. वाचवायला माणूस असं सांगू शकतो."

सुमती चिडली. मला तिचा तोच चेहरा सगळ्यांत लख्ख आठवतो. "मी? मी याला वाचवायला आलेय? या मेल्यानं माझ्या आयुष्यात काय सुख दिलंय? पाहुण्यांसमोर शिव्या द्यायचा. आणि लहानपणी तर आजारीच. आणला तेव्हा चोच लाल होती, बाबा खूश. दोन-तीन महिन्यांत ती काळी पडली. कोळशासारखी! बाबा जेवेना. रोज चोचीला हळद लावायचा, तेलात कालवून. मी पिल्लू धरायचं, त्यानं लावायची. हे बघ." तिनं अंगठ्याजवळचा पांढरा व्रण दाखवला. "पुढं केव्हातरी चोच आपोआप लाल झाली. बाबा सगळ्या गावाला सांगत फिरला, माझ्या हळदीनं बरा झाला. घरात वर्षभर भाजीला हळद नव्हती!"

मी आणि रोलाँ, दोघंही एकमेकांकडे बघत होतो.

"पुन्हा सांगा," रोलाँ म्हणाला. "आधी लाल. मग काळी."

"काळी. मग दोनेक वर्षांनी लाल. वरची. खालची काळीच राहिली."

आमच्याकडच्या पोपटाची चोच अशी रंग बदलत नाही. काटो व्हेरच्या पिल्लाची बदलते. ढोलीतून बाहेर पडताना लाल, मग काळी, आणि नर असेल तर मोठेपणी वरची पुन्हा लाल. तेव्हा ही गोष्ट या पक्ष्यांत राहणाऱ्या आमच्यासारख्या थोड्याच माणसांना माहीत होती. आणि आत्माराम धोंडूला, हळदीच्या वाटीतून.

"दुसरा कुठला पक्षी होता त्याच्या पिंजऱ्यात? शेजारी?" रोलाँनं शेवटचं विचारलं. रोगाची धास्ती त्याच्या मनातून गेली नव्हती.

"त्याच्यासोबत कोण राहणार! एकटाच होता. बाबा आणि तो."

रोलाँ वळला आणि गास्ताँला म्हणाला, "कॉफी उरली असेल तर दे." गास्ताँनं झाकणात ओतून दिली. रोलाँनं ती सुमतीच्या हातात दिली.

(त्या हंगामात त्या ढोलीतलं एक पिल्लू जगलं. मी स्वतः वजन केलं. आता ते पोपट शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्यात त्याचा वंश कुठे कुठे पसरला ते सांगता येणार नाही.)

धुकं विरळ झालं. तो वर बसलेला दिसला, मादी त्याच्या बाजूला. सुमती डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"हाक मारा ना," मी म्हणाले.

"नको. खांद्यावर येऊन बसायचा. मंग पुना सोडायला लागंल." कॉफीचा घोट घेऊन ती हळूच म्हणाली, "सोडला तवाबी इकडंच आला होता गो. समुद्राकडं तोंड करून सोडला, आनि डोंगराकडं वळला. सगळी गल्ली बाबाचं ऐकून समुद्राकडं बगत होती. मी एकटीनं बगितला."

*

ती परत बेल रोशला जायला तयार नव्हती. तिला ते पठार बघायचं होतं. रोलाँची गाडी होती, मार्लेनला वाट माहीत होती.

पठारावर पाईनची झाडं होती. सरळ, एकाच उंचीची, ओळींत लावलेली; कुठल्याही ओळीत उभं राहिलं तरी शेवटचं टोक दिसायचं. खाली तपकिरी सुयांची जाड गादी. आमची पावलं वाजत नव्हती. दरीत सतत काहीतरी खसखसायचं, टपकायचं, किणकिणायचं. इथं वारा होता तो फक्त शेंड्यांवर, आणि खाली काहीच नव्हतं. एक पाल नाही, एक पाखरू नाही. चौघंजण स्वप्नात चालतात तसे आम्ही चाललो.

सुमतीनं ते झाड शोधायचा प्रयत्न केला. इथं ओढा होता, म्हणाली. ओढा नव्हता. इथं बसून जेवायचे, म्हणाली, आणि एका पाईनभोवती फिरून आली. मग एका जागी थांबली. तीच जागा होती की दमली म्हणून थांबली, ते मी विचारलं नाही.

"हितं किती कालवा असायचा गो," ती म्हणाली. "बोललेलं ऐकू यायचं न्हाय. बाबा म्हून तर तेवडा वरडायचा."

आम्ही ऐकत उभे राहिलो. रोलाँही.

"सगळं साफ केलान त्यानं," सुमती म्हणाली. "सांगितलेलं काम. पगार चांगला होता. साफ करून घरला यायचा, हातपाय धुवायचा, आनि पिंजऱ्यापुडं पाट घेऊन बसायचा. काळोख पडंपावतर. राघू त्याचं त्याचं रानातलं वरडायचा, बोलायचा न्हाय. बाबा मना गप बसवायचा."

तिनं पायानं सुया बाजूला सारल्या. खाली लाल माती होती.

"मना वाटायचं, बाबा शिकवतोय त्याला."

मी तिच्याकडे बघितलं.

"शिकवत न्हवता गो," ती म्हणाली. "ऐकत बसायचा."